डिसेंबरच्या पानावरची बाई

न्हावा शेवा बंदरावर एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात मी एकतीस वर्षं कागद जुळवले. इन्व्हॉइसवर जे आहे तेच पॅकिंग लिस्टवर आहे का, पॅकिंग लिस्टवर जे आहे तेच कस्टम्सच्या बिल ऑफ एन्ट्रीवर आहे का, हे बघणं म्हणजे माझी नोकरी. कंटेनरमध्ये खरोखर काय आहे याच्याशी माझा संबंध नव्हता, ते बघणारी माणसं वेगळी होती. एकदा कागदांवर खेळणी होती आणि कंटेनर उघडल्यावर आतून नळाच्या तोट्या निघाल्या. सगळं ऑफिस हादरलं. मी मात्र निवांत डबा खाल्ला, कारण माझे कागद एकमेकांशी अक्षर न् अक्षर जुळत होते.

रिटायर झालो तेव्हा ऑफिसने शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. उलव्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये ते लावायला म्हणून मी वडिलांच्या फोटोशेजारी खिळा ठोकायला घेतला, तर आई खुर्चीतून म्हणाली, "तिथे नको. ती जागा माझी आहे."

मला कळेना. ती म्हणाली, "मी गेल्यावर माझा फोटो कुठे लावणार आहेस? स्वयंपाकघरात?"

आमच्याकडे म्हातारं माणूस मरणाचं बोललं की तरुणांनी 'काहीतरीच काय बोलतेस' असं म्हणायची पद्धत आहे. मी अठ्ठावन्नाव्या वर्षी तरुण या नात्याने तसं म्हणालो. आईने ते ऐकून घेतलं आणि जागेचा विषय पुढे चालू ठेवला. तिचं म्हणणं साधं होतं. जागा आहे, पण फोटो नाही. लग्नाकार्यातल्या फोटोंमध्ये ती कायम कुणाच्या तरी खांद्यामागे होती, नाहीतर हातात पाण्याचा जग घेऊन फोटोतून बाहेर चाललेली होती. एकटीचा म्हणावा असा फोटो एकच, आधार कार्डावरचा, आणि त्यात ती पोलीस ठाण्यातल्या फळ्यावर शोभली असती.

"हा लावलास तर वर ह्यांना काय तोंड दाखवू?" असं ती म्हणाली.

मी मोबाइलवर फोटो काढायला लागलो. शंभरेक काढले असतील. मोबाइल समोर आला की आई श्वास रोखायची आणि डोळे ताठ करायची. प्रत्येक फोटोत ती कुणीतरी अंगावर ओरडल्यासारखी दिसायची. शेवटी तिने मनातलं सांगितलं. लहानपणी कोकणात गावच्या खोताच्या घरी तिने खोताच्या आईचं रंगवलेलं मोठं चित्र पाहिलं होतं. तसं हवं, हाताने काढलेलं. "तुला शाळेत चित्रकलेचं सर्टिफिकेट मिळालंय ना?"

मिळालं होतं. इंटरमीजिएटला बी ग्रेड. त्यानंतर चाळीस वर्षांत मी फोनवर बोलताना काढलेल्या गोल-चौकोनांपलीकडे काही काढलं नव्हतं. पण आईच्या लेखी सर्टिफिकेट म्हणजे सर्टिफिकेट, आणि कागदावर भरवसा ठेवायची सवय मला तरी दुसरी कुठून लागली असणार!

एक अट तिने घातली. चित्र तिला तिच्या डोळ्यांनी बघायचं होतं. ही अट दिसते तेवढी सोपी नव्हती. पनवेलच्या डॉक्टरांनी त्याच महिन्यात सांगितलं होतं की तिच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय. इंजेक्शनं देऊ, वर्षभर कसंबसं जाईल, पुढे कडेकडेचं दिसेल, मधलं जाईल. म्हणजे दाराची चौकट दिसेल, दारात कोण उभं आहे ते दिसणार नाही. आई तेव्हाच मान जराशी वाकडी करून माणसाकडे बघायला लागली होती. "कोंबडी झालेय मी," म्हणायची.

तेव्हा माझ्याकडे एक वर्ष होतं. त्यात तैलरंग शिकायचा होता, आईला रंगवायचं होतं आणि ते तिला दाखवायचं होतं.

सर मला जवळच्याच जासई गावात सापडले. सत्तरीचे, शाळेतून निवृत्त झालेले ड्रॉइंग मास्तर. भातशेतीची जमीन बंदरासाठी गेली, त्या बदल्यात मिळालेल्या जागेवर मुलांनी तीन मजले चढवले आणि मागची एक खोली सरांना दिली. तिथे त्यांचा क्लास. विद्यार्थी दोन, त्यातला एक मी. बाहेरून ट्रेलर गेला की खोलीतला घोडा हलायचा, म्हणजे कॅनव्हास ठेवायचं लाकडी स्टँड. सर ब्रश उचलून धरायचे, ट्रेलर जाऊ द्यायचे आणि परत टेकवायचे. त्यांची अर्धी हयात तरुणपणी शिकलेलं विसरू नये म्हणून धडपडण्यात गेली होती आणि त्यांचा नियम एकच होता.

"पयली नक्कल. जुन्या मोठ्या मानसाच्या चित्राची. ती झाल्याबिगर जिवंत मानूस नाय."

मी विचारलं, नक्कल करून आईचा चेहरा कसा येणार? सर म्हणाले, "चेरा येल का नाय तो तुझा नशीब. हात तरी येल."

नक्कल कशाची करायची, हे मात्र माझ्यावर सोपवलं. माझ्याकडे एक कॅलेंडर होतं. बंदरावरच्या कुठल्याशा परदेशी शिपिंग लाइनने ऑफिसला दिलेलं, जाड गुळगुळीत कागदाचं, दर महिन्याला पाचशे वर्षांपूर्वीच्या इटलीतलं एकेक धार्मिक चित्र. जानेवारीत टक्कल पडलेला संत होता, मार्चमध्ये तोच संत रडत होता. ऑक्टोबरात एका देखण्या तरुणाच्या अंगात सात बाण घुसले होते आणि तो दुपारच्या जेवणाची वाट बघत असल्यासारखा वर बघत होता. डिसेंबरचं पान मला आवडलं होतं म्हणून मी जपून ठेवलं होतं. निळं वस्त्र पांघरलेली माता, मांडीवर बाळ. तिची मान कललेली, पापण्या खाली. बाळ मात्र आपल्याकडे रोखून बघत होतं, कस्टम्सच्या साहेबासारखं.

सरांनी पान उजेडाकडे धरलं, खूप वेळ बघितलं आणि एवढंच म्हणाले, "बाई चांगली हाय. जमायची नाय तुला. कर."

आणि मी कामाला लागलो. माझ्यासारखा माणूस नक्कल करायलाच जन्माला आला होता. पानावर पेन्सिलीने चौकटी आखल्या, कॅनव्हासवर तेवढ्याच चौकटी मोठ्या करून आखल्या आणि एकेका चौकटीत जे आहे ते पलीकडे पोचवायला सुरुवात केली. आठवड्यातून तीन दिवस जासईत रंग मिसळायचा सराव, बाकीचे दिवस घरी गॅलरीलगतच्या छोट्या खोलीत ही नक्कल. पहिल्याच आठवड्यात टर्पेंटाइनच्या वासाने सोसायटीच्या ग्रुपवर 'कुणाकडे गॅस लीक आहे का' म्हणून मेसेज फिरला आणि वॉचमन प्रत्येक दाराशी नाक लावून गेला. माझ्या दाराशी जरा जास्तच वेळ थांबला.

त्या जुन्या लोकांची पद्धत अशी की चेहऱ्याला अंगाचा रंग लावण्याआधी खाली मातकट हिरवा थर द्यायचा. तो पूर्ण सुकू द्यायचा आणि मग वरून पातळ पातळ गुलाबी चढवायचा, म्हणजे खालचा हिरवा सावल्यांमधून जिवंत कातडीसारखा दिसतो. ऐकायला छान आहे. पण महिनाभर माझ्या घोड्यावर एक हिरवीगार बाई हिरवं बाळ घेऊन बसली होती. आई मान वाकडी करून दारातून बघायची.

"हिला काय झालंय रे?"

"काही नाही. खालचा थर आहे."

"कावीळ वाटते. बाळालाही झालीय."

रोज संध्याकाळी हाताचे रंग मी खोबरेल तेलाने काढायचो. आई बाजूला बसून वास घ्यायची आणि विचारायची, "माझी पाळी कधी?" मी म्हणायचो, हिचं झालं की लगेच तुझं. ती म्हणायची, "बरं, तिचं होऊ दे. लेकुरवाळी आहे." या बाईला आपल्याआधी नंबर मिळाला, याचं तिला वाईट वाटत असावं, पण तिने ते दाखवलं नाही.

पाचव्या महिन्यात चेहरा पुरा झाला. मी स्वतःवर इतका खूश होतो की कॅनव्हास स्कूटरच्या पुढ्यात उभा धरून जासईला नेला. सरांनी बघितलं. मग पान मागितलं. एकदा पान, एकदा कॅनव्हास, असं दोन-तीनदा केलं आणि माझ्या बाईच्या डाव्या गालाखाली बोट नेलं.

"हा तपकिरी गोल काय हाय?"

"सावली आहे. ओरिजिनलमध्ये आहे."

सरांनी पान माझ्या नाकासमोर धरलं. डाव्या गालाखाली चहाच्या ग्लासाचा अर्धा गोल होता. ऑफिसात कधीतरी कुणीतरी कॅलेंडरवर ग्लास ठेवला असणार. मी तो डाग उचलला होता. नुसता उचलला नव्हता, त्यासाठी खास रंग मिसळून दोन दुपारी घालवल्या होत्या, त्याची बाहेरची कड गडद आणि आतली फिकट, अगदी तशीच. मग सरांना आणखी सापडायला लागलं. कपाळावरून गेलेली फिकट रेघ ही पानाची घडी होती. वरच्या निळ्या आकाशात मी जो काळा ठिपका फार मन लावून काढला होता, ते खिळ्याचं भोक होतं.

सर हसायला लागले. हसता हसता खोकला लागला, पाणी द्यावं लागलं. पाणी पिऊन म्हणाले, "तू बाई नाय काडलीस. तू कालिंडर काडलंस. आरं, कागद काय बगतोस, बाई बग ना!"

मला राग आला. एकतीस वर्षं मला कोणी म्हटलं नव्हतं की तुझ्या कागदात जास्त काही आहे. डाग पुसायला, रेघ बुजवायला आणि गाल पुन्हा रंगवायला पाच आठवडे गेले. तोवर पावसाळा मध्यावर आला आणि रंग सुकेनासे झाले. त्या पाच आठवड्यांत आईला दुसरं इंजेक्शन झालं, तिसरं झालं, आणि वर्तमानपत्राचे मथळे ती आता मला वाचायला सांगू लागली.

घरात धूळ फार. आजूबाजूला बिल्डिंगा उठतायत आणि विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यांची कामं दिवसरात्र चालू. ओल्या रंगाला धूळ चिकटू नये म्हणून मी कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवायचो. आणि सकाळी बघावं तर बाई परत खोलीकडे तोंड करून बसलेली. असं चार-पाच दिवस झालं. बायकोला विचारलं, ती म्हणाली मी बँकेत जाऊ की तुमच्या बायका वळवत बसू? मग आईला विचारलं.

"लेकुरवाळ्या बाईला भिंतीकडे तोंड करून उभं करतात का कधी?" आई म्हणाली. "काय गुन्हा केलाय तिने?"

मी समजावलं, हात लावू नको, रंग ओला आहे. ती हो म्हणाली. दोन दिवसांनी मी बाजारातून आलो तर खोलीच्या दारात खोबरेल तेलाचा वास. आई जमिनीवर बसलेली, कॅनव्हास मांडीवर, हातात कापसाचा बोळा. तिच्या पांढऱ्या पदरावर निळं आणि गुलाबी उमटलेलं. बाई उचलताना तिने ती मूल उचलावं तशी छातीशी धरली होती. पदराला रंग लागला, आपल्या हातून काहीतरी पुसलं गेलं, हे तिला कळलं. आणि रोज मी रंग कशाने काढतो हे तिला ठाऊक होतंच. म्हणून तिने पसरलेला रंग खोबरेल तेलाने स्वच्छ करायला घेतला होता. बाईचं तोंड नाहीसं झालं होतं. बाळाचा एक पाय आणि हनुवटीपासून गळ्यापर्यंतचं सगळं एका राखाडी-गुलाबी लगद्यात गेलं होतं.

"थोडंच राहिलंय," आई म्हणाली. "निघेल."

मी ओरडलो. काय काय बोललो ते सगळं आठवत नाही, पण शेवटचं वाक्य आठवतं. "दिसत नाही तर हात कशाला लावतेस?"

ती "बरं" म्हणाली. बोळा बाजूला ठेवला, भिंतीचा आधार घेत उठली आणि तिच्या खोलीत गेली. मला त्याच क्षणी स्वतःची लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून मी तिच्या मागे गेलो असं नाही, मी बाईचं तोंड वाचतंय का ते बघत बसलो. बायको संध्याकाळी आली, तिने पदर बघितला, कॅनव्हास बघितला आणि म्हणाली, "चित्रातल्या आईची बरीच काळजी घेताय तुम्ही."

त्यानंतर आई त्या खोलीत आली नाही. माझी पाळी कधी, हेही तिने विचारणं सोडलं. जेवताना मीठ वाढ, पाणी दे, एवढं बोलायची.

मी कॅनव्हास घेऊन सरांकडे गेलो. त्यांनी लगद्याला बोट लावून वास घेतला.

"खोबरेल? गेला मंग कामातून. रंगातलं जवसाचं तेल सुकतं, खोबरेल कंदी सुकत नाय. दहा वरसांनी बोट लावशील तरी चिकाटच लागल. सगला खरवडून पयल्यापासून कर."

"किती दिवस लागतील?"

"पावसाल्यात? चार म्हयने." मग त्यांनी विचारलं, "केलं कोनी?"

मी सांगितलं. आईचे डोळे, डॉक्टरने दिलेलं वर्ष, भिंतीवरची जागा, सगळंच सांगितलं. इतके महिने मी त्यांना हे काहीच सांगितलं नव्हतं. फक्त आईचं पोर्ट्रेट करायचंय म्हणालो होतो. बाहेरून एक ट्रेलर गेला, मग दुसरा. सर ब्रश पुसत राहिले.

"मंग तू हितं काय करतोस?"

"तुम्हीच म्हणालात, नक्कल झाल्याबिगर जिवंत माणूस नाय."

"मी मास्तर हाय," सर म्हणाले. "मास्तर काय बी बोलतो. येवढा नेम पालतं का कोन? जा घरी. आयशीला बसव."

एवढ्या महिन्यांनी मला कळलं की नियम होता तो फक्त माझ्यासाठीच नियम होता.

आईला बसवणं सोपं नव्हतं. मी माफी मागितली. ती म्हणाली, माफी कसली, बरोबरच बोललास, दिसत नाही म्हणजे नाही. दोन दिवस तिने मला तसंच ठेवलं. तिसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता ती आपणहून आली तेव्हा तिने घरातली एकुलती एक भारी रेशमी साडी नेसली होती, मोरपंखी, माझ्या लग्नातली. मी म्हणालो, रोजच्या सुती साडीत बस, चेहऱ्याकडे लक्ष राहतं. तिने ऐकलं न ऐकलंसं केलं आणि गॅलरीच्या उजेडात खुर्चीवर बसली, पाठ ताठ, हात मांडीवर.

"श्वास घेतला तर चालेल का?"

"चालेल."

"आणि बोललं तर?"

"तेही चालेल."

मग काय विचारता! वरून विमान गेलं तेवढीच ती थांबायची, आवाज गेला की तुटलेलं वाक्य जिथल्या तिथे उचलायची. आणि मी बघायला लागलो. आखायला चौकटी नव्हत्या, बाजूला पान नव्हतं. कॅलेंडरवरच्या परक्या बाईच्या पापणीची कड मी झोपेतही काढली असती, पण आईच्या कुठल्या भुवईत पांढरा केस आधी आला ते मला माहीत नव्हतं. तिच्या वरच्या ओठाची डावी बाजू उजवीपेक्षा खाली आहे, हे मला अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं. हनुवटीखाली बोटाच्या पेरभर लांब एक जुना व्रण आहे, हेही. मी विचारलं, हे कधी लागलं? ती म्हणाली, नऊ वर्षांची असताना रहाटाच्या दांड्याने. तिच्या आईने हळद भरून फडक्याने तोंड बांधलं होतं, दोन दिवस बोलू दिलं नव्हतं. "तेवढेच दोन दिवस मी गप्प होते," आई म्हणाली.

मला फार वाईट वाटत होतं आणि त्याच वेळी मी इतका आनंदात होतो की चारची वाट दुपारी बारापासून बघायचो. हिरवा थर मी दिलाच. ती म्हणाली, "मलाही कावीळ का?" मी हो म्हणालो. पण या वेळी मी थर सुकायची वाट बघत बसलो नाही, ओल्यावर ओलं रंगवत गेलो. सरांनी शिकवलेलं सगळं मोडलं. सरांना ते एक दिवस घरी येऊन बघितल्यावर कळलं. बराच वेळ बघून म्हणाले, "नाक सुटलंय जरा. बाकी बाई हाय." आणि चहा न पिता गेले.

दिवाळीच्या आधी चित्र झालं. आईला दाखवायची वेळ मी नीट ठरवली होती. सकाळी दहाला हॉलमध्ये पूर्वेचा उजेड असतो. कॅनव्हास खुर्चीवर ठेवला, आईला समोर बसवलं. तिने मान डावीकडे वळवून बघितलं, उजवीकडे वळवून बघितलं, जवळ सरकली, मागे सरकली. मधलं तिला नीट दिसत नव्हतंच, म्हणून ती कडेकडेने गोळा करत होती. कपाळ झालं, मग एक गाल, मग ओठ. बायको माझ्या मागे उभी होती. पाच मिनिटं तरी झाली असतील.

"आई आहे ही," आई म्हणाली. "माझी."

मी म्हणालो, "अगं, तू आहेस ती."

"मला शिकवू नकोस. मी तिची मुलगी आहे."

तिची आई मी चार वर्षांचा असताना गेली. सात मुलांतली माझी आई शेंडेफळ, त्यामुळे तिने आईला पाहिलं ते म्हातारीच पाहिलं. गावी तेव्हा फोटो काढायचा असतो हे कुणाच्या डोक्यात नव्हतं आणि असतं तरी तो परवडला नसता. आई चित्राकडेच बघत सांगत होती की तिला आईचा आवाज आठवायचा, हाताला येणारा तांदळाच्या कोंड्याचा वास आठवायचा, पण चेहरा कधीचा गेला होता. कितीतरी वर्षं झाली. हे कुणाला सांगायचं? आपल्याच आईचा चेहरा आठवत नाही असं सांगायला लाज वाटते. "सापडली बघ," ती म्हणाली आणि रडायला लागली.

मी तरीही हट्ट सोडला नाही. मी मूर्खासारखा पुरावे मांडायला लागलो. जुळणी माझ्या अंगातच होती. ही साडी बघ, तुझी मोरपंखी.

"तिला कधी रेशमी मिळाली नाही," आई म्हणाली. "नेसवलीस, फार बरं केलंस."

हा हनुवटीखालचा व्रण बघ, रहाटाचा. हा तर तुझाच ना?

"तिलाही असेल. तिच्या हनुवटीखाली कोण बघायला गेलं होतं?"

मी आणखी एक पुरावा दाखवायला पुढे वाकलो. बायकोने माझ्या दंडाला धरून मला मागे ओढलं.

चित्र वडिलांच्या शेजारी लागलं. त्याच जागी, जी माझ्या घड्याळाला मिळाली नव्हती. आई रोज सकाळी फुलवालीकडून शेवंतीची लहान माळ घेते, चाचपत खुर्चीवर चढते आणि घालते. आम्ही दोघं खुर्ची धरून उभे असतो. गेल्या महिन्यात माझी मेव्हणी न कळवता आली. दार उघडताच तिला भिंतीवर आई दिसली, रेशमी साडीत, हार घातलेली. तिने पिशवी खाली टाकली आणि रडायला सुरुवात केली, 'मला कळवलंसुद्धा नाहीत' म्हणून बायकोवर चिडली, आणि तेवढ्यात आतून आईचा आवाज आला, "कोण आलंय? चहा टाका." मेव्हणीला पाणी पाजून शांत करायला अर्धा तास लागला. जिवंत माणसाच्या चित्राला हार घालू नये, अपशकुन होतो, असं तिने जाताना मला तीनदा बजावलं. मी म्हणालो, ती माझी आजी आहे.

आईने त्या दिवशी रडून झाल्यावर डोळे पुसले होते आणि लगेच म्हणाली होती, "ही झाली. आता माझं कधी काढतोस?"

म्हणून दुसरा कॅनव्हास ताणलाय. डॉक्टर म्हणाले होते त्याच्या आधीच तिच्या डोळ्यांचं मधलं सगळं गेलं. आता मान कितीही वाकडी केली तरी चेहरा हाताला लागत नाही, माझासुद्धा. हे चित्र तिला दिसणार नाही, आणि तिने मला न विचारताच ती अट काढून टाकली आहे. चार वाजता ती भिंतीला हात लावत गॅलरीत येते आणि खुर्चीत बसते. या वेळी तिने सुती साडी नेसली आहे. मी घोड्यामागे बसलो की विचारते, "दिसतेय का रे मी?"

दिसतेस, असं मी सांगतो.